कणकेत खोवलेले स्क्रू

करुणा चिडली की भांडत नाही, कामाला लागते. समोरच्याने घाबरायचं ते तेव्हा. पिंपळीच्या फळ उत्पादक संघात तिच्या शेजारच्या टेबलावर बसून मी हे पाहिलं आहे. मी रावजी, तिथला कारकून. ती कळसची, बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, रोज एसटीने यायची. मुंबईच्या एका निर्यातदाराने आपला वापरलेला लॅपटॉप संघाला दिला होता. कुणाच्या बागेत कधी कोणती फवारणी झाली, ते ती त्यात भरायची. आम्हाला कुणाला तो धड चालू करता येत नव्हता, पण कसा वापरावा हे मात्र सगळेच तिला शिकवायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याला ती रजा टाकून आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. इकडे खंडेनवमीला चेअरमन मोहनरावांनी संघातल्या हत्यारांची पूजा मांडली. छाटणीच्या कात्र्या, फवारणीचे पंप, वजनकाटा, आणि यंदा हौसेने मधोमध लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग झालं. पूजेचं ताट माझ्याच हातात होतं.

करुणा परत आली, तिने लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनला आडवा तडा आणि मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग.

"जाताना घाईत आपटलास न्हवं?" मोहनराव म्हणाले.

"न्हाय आबा. मी कपाटात नीट ठिवला व्हता."

"मग काय आमी फोडला? आमी तर त्येला हातबी लावला न्हाय."

मी मान खाली घालून आवक-जावक रजिस्टर लिहीत राहिलो. त्या खाली घातलेल्या मानेची मला आजही लाज वाटते.

मोहनराव पुढे म्हणाले, "शनवारच्या मीटिंगीत तुजा इषय घेतो. दुसरं कोन तरी बगावं लागंल."

"शनवारपातूर लॅपटॉप माज्याकडं द्या," करुणा म्हणाली. "स्क्रीन मी बदलती."

तिथं बसलेले संचालक हसले. पुण्याच्या दुरुस्तीवाल्यानेही जुनं मॉडेल म्हणून फोनवरच हात वर केले होते. मोहनराव म्हणाले, "आगं, त्यो काय मिक्सर हाय व्हय?"

"माज्या हातानं मोडला म्हनताय न्हवं? मंग माज्याच हातानं नीट हुईल." तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि सहाच्या गाडीने गेली.

गुरुवारी रजिस्टरवर तिची सही पाहिजे असं खोटंच निमित्त काढून मी कळसला गेलो. घरी बसवेना. तिचे वडील ज्ञानदेवतात्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्याच बाकावर करुणा बसली होती. पुण्यात एका दुकानात त्याच मॉडेलचा, आतून जळलेला पण स्क्रीन शाबूत असलेला लॅपटॉप तिला भंगारात सापडला होता. त्याचा स्क्रीन आईच्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून तिने एसटीने आणला होता.

बाकावर कणकेची जाड पोळी होती. तात्यांची ही जुनी रीत. मोटार खोलताना ते नटबोल्ट कधी डब्यात टाकत नसत. करुणाची आई पुतळाबाई त्यांना कणीक भिजवून द्यायच्या, तात्या त्या कणकेवर मोटारीचा आकार कोरायचे आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच खोवायचे. करुणाने कणकेवर लॅपटॉप कोरला होता. रबरी बुचं काढून त्याखालचे बारीक स्क्रू ती एकेक करून खोवत होती. मग शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तिने स्क्रीनभोवतीची चौकट अलगद उचकटली.

चौकटीतून तांदळाचे चार लाल दाणे बाकावर पडले. तिने कीबोर्ड उचलला, त्याखाली आणखी सहा.

तिने माझ्याकडे पाहिलं. "रावजीभाऊ, पूजेला तुमी व्हता का?"

"व्हतो."

"झाकण कुनी लावलं?"

"आबांनी. आत अक्षता तशाच व्हत्या. वर नारळ ठिवला आन दाबून बसवला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते दाणे उचलले आणि जिथून निघाले होते त्या जागी कणकेत खोवले. "शनवारी तोंड उगडायचं तर उगडा, न्हाय तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं काम हुनारच हाय."

नवा स्क्रीन बसवून तिने बटण दाबलं. अंधार. पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला. करुणाने स्क्रीन उन्हाकडे तिरका धरला. "अक्षरं हायेत, मागचा दिवा लागंना," ती म्हणाली. मशीन बंद करून तिने खालची दोन बारीक वायरींची पिन काढली आणि पुन्हा नीट बसवली. या वेळी स्क्रीन लख्ख उजळला. तात्यांनी पक्कड खाली ठेवून डोळे पुसले.

शनिवारी मीटिंगमध्ये तिने आधी लॅपटॉप चालू करून दाखवला. मग शेजारी ती वाळलेली पोळी ठेवली, दाण्यांसकट.

"ह्ये तूच टाकलं आसशील," मोहनराव म्हणाले.

"आमच्यात लग्नातबी फुलं टाकत्यात, आबा. कुकवातलं तांदूळ आमच्या घरात येतच न्हायत."

मी उभा राहिलो. "ताट माज्या हातात व्हतं," मी म्हणालो. "अक्षता आबांनी टाकल्या, नारळबी आबांनीच ठिवला."

मोहनराव माझ्याकडे बघतच राहिले. करुणा मात्र खुर्ची ओढून बसली आणि राहिलेल्या फवारण्या भरू लागली. तिचा विषय कुणी काढला नाही. माफीही कुणी मागितली नाही, आणि तीही त्यासाठी थांबली नव्हती.

पुढच्या खंडेनवमीला ती मुद्दाम कामावर आली. लॅपटॉप उघडा ठेवून स्वतः त्याच्यामागे बसली. मोहनरावांनी कात्र्यांवर, पंपांवर अक्षता टाकल्या आणि तिच्या टेबलापाशी आले. माझ्या हातातल्या ताटाकडे त्यांचा हात गेला, थांबला, मग त्यांनी झेंडूचं एकच फूल उचललं.

"करुणाताई," ते म्हणाले, "ह्ये कुठं ठिवू?"

तिने टेबलाच्या कडेकडे बोट दाखवलं.

मोहनरावांनी फूल तिथं ठेवलं.