मंडालेचा वर्ख

कसबा बावड्याच्या मीनाबाई कांबळे सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचा एकच हट्ट उरला होता. गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावी देवळाच्या पायरीखाली नारळ ठेवायचा आणि मागं सरायचं, अशी यांच्या माणसांसाठी रीत होती. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि लेकीला सांगितलं, "आता लांबनं पाया पडायचं न्हाय." ते लेकीनं पदराला गाठ मारून ठेवलं. एकदा बुद्धाच्या मूर्तीला आपल्या हातानं सोन्याचा वर्ख लावायचा, हा तो हट्ट.

२००३ साली पुतण्या नागसेननं ब्रह्मदेशची सहल काढली. तो आधी एकदा जाऊन आला होता. मंडालेच्या विहारात भक्त स्वतः मूर्तीला वर्ख लावतात, हे त्यानंच सांगितलेलं. मग काय, मीनाबाईंनी गल्ली पालथी घातली. शेजारची बनाबाई गुडघ्यांपायी नको म्हणत होती. "चल गं, तितं आपल्याला कोण आडवणार न्हाय," असं म्हणून तिला उठवली. अशा नऊ बाया जमवल्या.

देश मात्र बघण्यासारखा. रंगूनबाहेर महायुद्धात पडलेल्या शिपायांची दफनभूमी होती, खांबांवर नावंच नावं. नागसेननं त्यातलं एक मराठी आडनाव वाचून दाखवलं, तर मीनाबाई त्यावर बोट फिरवत रडल्या. कोण कुठला पोरगा, पण आपल्याकडचा. पगानला नजर जाईल तिकडं विटांचे स्तूप. बनाबाई गुडघे विसरून चढली.

मंडालेला बायांनी वर्खाच्या पुड्या घेतल्या. मीनाबाई सगळ्यांच्या पुढं. मूर्तीच्या चौथऱ्यापाशी पहारेकऱ्यानं हात आडवा केला. बाईंना वाटलं, चपलांचं विचारतोय. त्यांनी पाऊल उचलून दाखवलं.

"भाईरच काढल्यात की, पावणं."

हात काही हलेना. शेजारून पुरुष मात्र एकेक करून वर जात होते.

"काकी, द्या हिकडं. तुमच्या नावानं मी लावतो," नागसेन म्हणाला. "हितं बायांना वर सोडत न्हाईत."

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय. सांगितलं असतं तर आला असता काय?"

गावच्या पुजाऱ्याचा मीनाबाईंना कधी एवढा राग आला नव्हता. तो परका, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. हा तर मांडीवर खेळवलेला. आपल्याच माणसानं, आपल्याच धम्माच्या दारात केसानं गळा कापला होता. त्यांनी पुडी दिली नाही. बाकीच्यांनी मुकाट दिल्या, बनाबाईनंसुद्धा.

परतल्यावर बावड्याच्या विहारात सत्कार झाला. नागसेननं पुढची सहल जाहीर केली आणि काकींना अनुभव सांगायला बोलावलं. जवळून जाताना हळूच म्हणाला, "घरातलं घरात ठेवा."

मीनाबाई उभ्या राहिल्या. "देश झ्याक हाय, जावा. पण बायांना मूर्तीला हात लावू देत न्हाईत. नागसेनला ते आधीच ठाऊक हुतं. त्यानं फसवलं आमाला."

नागसेननं मान खाली घातली. मीनाबाईंना वाटलं, बोललो ते बरं झालं.

तेवढ्यात सतरंजीवरून बनाबाई म्हणाली, "नागसेनच्या नादानं कोण गेलतं? मी तुझ्या शब्दावर गेलतो, मीना."