जिवंत माणसापुढचं ‘कै.’

“रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तुम्हाला होतंय काय?” असं विचारणाऱ्या प्रत्येकाला एकदा माझ्या खुर्चीत बसवा. दुपारचे तीन वाजलेले असावेत आणि समोर शंभर नावांची लग्नपत्रिका असावी. मग मी विचारते, होतंय काय.

सांगलीतल्या एका छापखान्यात मी एकोणीस वर्षं काम करते. संगणकावर मजकूर जुळवायचा आणि प्रूफ वाचायचं, अशी माझी दोन कामं. जुळवणं कुणालाही शिकवता येतं, प्रूफ वाचणं माझं आहे. बारसं, वास्तुशांत, लग्न, उत्तरकार्य, सगळे कागद माझ्या हाताखालून जातात. गावाकडची माणसं वहीच्या पानावर मजकूर लिहून आणतात. त्यात ‘लगीन हाय’ असतं, ‘आहेर घेनार न्हाई’ असतं. मी लाल पेन घेते आणि ‘हाय’चं ‘आहे’ करते. आजवर किती ‘हाय’ मारले असतील, देव जाणे.

सात वर्षांपूर्वी थायरॉइड निघालं. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी काम करेनाशी झाली आणि तिचं काम माझ्या अंगावर पडलं. केस गेले, तोंड सुजलं, ऐन मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायला लागले. पहाटे अनशापोटी गोळी, त्यानंतर तासभर चहा नाही. चहाशिवायचा तो तास कसा जातो ते ज्याचं त्यालाच माहीत. गोळीनं रिपोर्टातला आकडा जागेवर आला. मी मात्र आले नाही.

थकवा म्हटलं की लोकांना काम केल्यावर येणारा आणि झोपल्यावर जाणारा थकवा आठवतो. माझा तसला नाही. नऊ तास झोपून उठते आणि अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटतं. ती घेऊनच डबा करायचा, ती घेऊनच जिना चढायचा. सकाळी बारापर्यंत माझं डोकं लख्ख चालतं. दुपारनंतर अक्षरं दिसतात, पण आत शिरत नाहीत. ‘चिरंजीव’ हा शब्द तीनदा वाचला तर तिन्ही वेळा नवा वाटतो.

यावर उपाय सुचवणाऱ्यांची काही कमी नाही. शेजारीण म्हणते धण्याचं पाणी पी, नणंद म्हणते कोबी सोड, आणि ज्यांनी स्वतः कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून पाहिलं नाही ते म्हणतात रोज पाच किलोमीटर चाल. मी सगळ्यांना बरं म्हणते आणि मनात जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कामावर मी एक चोरटी सोय करून घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत कागद मोजायचे आहेत असं सांगून मागच्या खोलीत जायचं आणि कागदाच्या रिमांच्या थप्पीमागं वीस मिनिटं आडवं व्हायचं. त्या वीस मिनिटांवर माझी दुपार ढकलली जायची. मशीनवर काम करणाऱ्या मामांना ते ठाऊक होतं, पण ते कधी बोलले नाहीत. मला मात्र उठताना दरवेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी लग्नाच्या तिथी एकावर एक आल्या आणि ती वीस मिनिटंही गेली. त्याच आठवड्यात रहिमतपूरची पत्रिका आली. नवरदेव रहिमतपूरचा, नवरी जतकडची. आमच्याकडं पत्रिकेत आजोबांच्या नावाशिवाय पान हलत नाही. अमुक यांचे नातू, तमुक यांची नात. नवरदेवाचे आजोबा हयात होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. नवरीचे आजोबा वारलेले. म्हणजे इकडं ‘श्री.’ आणि तिकडं ‘कै.’. मी नेमकं उलटं केलं. जिवंत सुभेदारांपुढं ‘कै.’ लावलं आणि जतच्या कैलासवासी पाहुण्यांना ‘श्री.’ करून परत आणलं.

प्रूफ नवरदेवाच्या वडिलांना मोबाइलवर गेलं होतं. त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला. पत्रिका छापल्या, गठ्ठा गेला, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

“आमचा म्हातारा मारला की वो तुमी,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं.

मालक वाईट माणूस नाहीत. ते माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, ही तुमची चूक नाही हो. तुमच्या तब्येतीची आहे.”

त्या एका वाक्यानं माझं टाळकं सटकलं. थायरॉइडचा मागमूस नव्हता तेव्हाची गोष्ट. एका वास्तुशांतीच्या पत्रिकेत आधीच्या कामातली ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ ही ओळ माझ्या हातून राहून गेली होती. आठवडाभर सगळे हसत होते. मालक स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायचे. तेव्हा कुणी माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं नव्हतं, ती चूक माझी होती. आता माझ्या चुकासुद्धा माझ्या राहिल्या नव्हत्या.

“सोमवारपासून तुम्ही घड्या आणि पाकिटं बघा,” मालक म्हणाले. “प्रूफ मी बघतो. तुम्ही जरा आराम करा.”

घड्या घालणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. पण प्रूफ गेलं की त्या छापखान्यात माझं काही उरत नव्हतं. घरात मी आजारी बाई होतेच, दवाखान्यात पेशंट होते. फक्त त्या टेबलाशी, लाल पेन हातात असताना, मी कोण आहे हे मला सांगावं लागत नव्हतं. ते मी असं सोडणार नव्हते.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “दुरुस्त प्रूफ घेऊन मी स्वतः रहिमतपूरला जाते. ज्यांना मारलंय त्यांची माफी मागते, त्यांची सही आणते. पाकिटांचं सोमवारी बोलू.”

मालक आपल्या टेबलाकडं वळले. मी ते होकारात धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, डोकं जागेवर असताना, मी पत्रिका नव्यानं वाचायला घेतली. पट्टी धरून, शेवटच्या नावापासून पहिल्या नावाकडं. उलटं वाचलं की अर्थ वाहवत नेत नाही, एकेक शब्द एकटा उभा राहतो. मग मामांच्या हातात मूळ वही दिली आणि सगळं मोठ्यानं वाचलं.

“लय सावकाश वाचताय,” मामा म्हणाले.

“सावकाशच वाचणार,” मी म्हटलं.

त्या सावकाशीत नवरदेवाच्या एका आत्याचं नाव दोनदा आलेलं सापडलं. ते वहीतच तसं होतं आणि पहिल्या छपाईतही तसंच गेलं होतं. आमच्यातल्या किंवा त्यांच्यातल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. मामांनी वही माझ्याकडं दिली आणि मशीनकडं गेले.

शनिवारी पहाटे गोळी घेतली आणि पॅसेंजर पकडली. गाडीत बसलं की माझे डोळे मिटणार हे ठरलेलं, म्हणून शेजारच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं, रहिमतपूरला उठवा. पूर्वी असं कुणाला सांगायची लाज वाटायची. त्यांनी वेळेवर हलवलं, “आवं उठा, आलं तुमचं.” स्टेशनपासून गाव लांब, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले.

घर गावाबाहेर, आल्याच्या शेताला लागून होतं. दारात मांडवाचे खांब रोवायचं चाललं होतं. नवरदेवाच्या वडिलांनी मला बघितलं आणि ते ओशाळले. “तुमी कशाला आलासा? द्या हिकडं, मी सही करतो. आबास्नी कशाला तरास?”

“मी आबांनाच भेटायला आलेय,” मी म्हटलं.

आबा, म्हणजे ते सुभेदार, मागच्या खोलीत होते. वर्षभर आधी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून खाट आणि वॉकर. दाढी मात्र तुळतुळीत केलेली. उशाशी माझी ती पत्रिका आणि एक भिंग. मी सांगितलं मी कोण ते. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

“म्हंजे तूच का मला मारनारी?”

“व्हय आबा, मीच.” इतकी वर्षं दुसऱ्यांचं ‘व्हय’ मारणारी मी, माझ्या तोंडून ते आपसूक आलं.

“आन् जतच्या त्या पाव्हन्याला जित्ता केलास.”

“ते पण मीच.”

“ऱ्हाऊ दे. लय चांगला मानूस हुता त्यो.” मग त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. “तुझं त्वांड का सुजलंय? रडत आलीस काय?”

आजाराचं निमित्त सांगायचं नाही असं मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं. पण त्यांनी सरळ विचारलं, म्हणून मी सरळ सांगितलं. थायरॉइड, थकवा, दुपारी तीन वाजता न शिरणारी अक्षरं. त्यांनी मध्येच रिपोर्ट काय म्हणतो ते विचारलं नाही. असं ऐकून घेणारा माणूस मला कितीतरी दिवसांनी भेटत होता.

मग त्यांनी भिंग उचललं आणि पत्रिकेवर ठेवलं.

“ही आली तवा घरातल्या समद्यांनी वाचली. पोरानं वाचली, सुनंनं वाचली. नातवानं फोटू काढून जगाला धाडला. दोन दीस कुनाला काय खटकलं न्हाई. मी भिंग लावून वाचली तवा मला कळलं, मी गेलोय.”

सून चहा घेऊन दारात उभी होती. ती तिथंच थांबली.

“हाड मोडल्यापास्नं मला कुनी काय इचारत न्हाई,” आबा म्हणाले. “लग्नात किती पंगती बसवायच्या, पाव्हन्यास्नी कुटं उतरवायचं, समदं भायेर ठरतंय. आन् हिकडं येऊन काय म्हनत्यात? आबा, तुमी आराम करा.”

“मलाही हेच म्हणतात,” मी म्हटलं. “सोमवारपासून पाकिटं भर म्हणतात.”

“मंग तू काय म्हंतीस?”

“कागदाच्या थप्पीमागं लपून झोपते आणि उठून काम करते.”

“लपून कशापायी?” ते खरोखरच चक्रावले. “फौजेत पहाऱ्यावरनं सुटलेला गडी समद्यांच्या देखत झोपायचा. न्हाई झोपला तर फुडच्या पाळीला हुभा कसा ऱ्हाईल त्यो?”

सुनेनं चहा ठेवला आणि सासऱ्यांच्या पायावरची चादर उगीच सारखी केली. तिचे डोळे भरले होते.

मी प्रूफ पुढं केलं. “नुसती सही नको आबा, सगळं वाचा. मगच सही करा.”

त्यांनी भिंग धरलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेका नावावर ते थांबायचे, कोण कुठला ते मला सांगायचे. माझी पहाटेपासूनची पुंजी संपत आली होती. मान खाली गेली तशी त्यांनी खाटेखालच्या सतरंजीकडं बोट दाखवलं. “पड तितं. मला येळ लागनार हाय.”

परक्या घरात, लग्नाच्या गडबडीत, दार उघडं असताना मी सतरंजी अंथरली आणि आडवी झाले. माणसं ये-जा करत होती. कुणी बघितलं असेल, कुणी हसलंही असेल. मी गाढ झोपले, आणि उठले तेव्हा आजारपण आल्यापासून पहिल्यांदा मला उठताना चोरी केल्यासारखं वाटलं नाही.

आबांचं वाचून झालं होतं. नवरदेवाचे वडील खाटेजवळ उकिडवे बसले होते आणि पंगतींचं विचारत होते. आबांनी प्रूफ माझ्या हातात दिलं. लोक प्रूफवर ‘ओके’ लिहितात. त्यांनी आपल्या नावाआधीच्या ‘श्री.’भोवती गोल काढला होता आणि बाजूला थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता. ‘हाय’. खाली सही.

सोमवारी मी ते प्रूफ मालकांपुढं ठेवलं आणि उभ्यानंच बोलले. “प्रूफ मीच वाचणार. सकाळी नऊ ते बारा प्रूफ, दुपारी जुळवणी. दुपारी आलेलं प्रूफ दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचेन, गिऱ्हाइकाला घाई असली तरी. मूळ वही धरायला माणूस पाहिजे. आणि जेवणानंतर वीस मिनिटं मी झोपणार आहे, इथंच, चटई टाकून. रिमांमागं नाही.”

मालक प्रूफकडं बघत होते. “हे काय लिहिलंय? चुकीचं आहे की.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. “महिनाभर बघू,” म्हणाले आणि दुसऱ्या एका पत्रिकेचं प्रूफ माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्याला वर्ष होत आलं. तो महिना अजून चालू आहे.

थकवा गेलेला नाही. जाईल असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी वाटही बघत नाही. कधी कधी सकाळच उगवत नाही, नऊ वाजताच तीन वाजल्यासारखं होतं. त्या दिवशी मी सांगते, आज माझ्याकडून वाचून होणार नाही, उद्या या. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी कुरकुरू देते. जेवणानंतर मामा मशीन बंद करतात, मी चटई टाकते. नवीन आलेले लोक बघतात. बघेनात का.

आबांचं ते प्रूफ माझ्या टेबलासमोर टाचणीनं लावलंय. वर बघितलं की लाल पेनाचा हात अजून शिवशिवतो, सवयीनं. तो एक ‘हाय’ मी तसाच ठेवलाय.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. मला चटईवरून उठताना बघून त्यांनी विचारलं, “अजून तुम्हीच आहात का हो प्रूफला?”

“हाय,” मी म्हटलं आणि त्यांची वही घेतली.