टाइपरायटरला हळदकुंकू

माझा राजीनामा मीच टाइप केला. कार्बन घालून, नीट समास सोडून, एकही खाडाखोड न करता. मग तो सकाळच्या सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचताच खाली सही ठोकली आणि चहा मागवला. अंधेरीच्या एका औषध कंपनीत मी त्यांची स्टेनो होते, आणि माझ्या टायपिंगवर त्यांचा इतका भरवसा होता की मी त्यांच्याच बदलीचा कागद पुढे केला असता तरी त्यांनी सही केली असती. दुपारी कळलं तेव्हा ते नुसतं "मॅड आहेस का?" एवढंच म्हणाले.

नोकरीत सोडण्यासारखं काही नव्हतं. पर्मनंट होते, बोनस होता, न्यायला-आणायला कंपनीची बस होती. सोडली ती ऑफिसातल्या टेलिफोन ऑपरेटर मुलीमुळे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला टायपिंग शिकवायचे, निव्वळ वेळ जावा म्हणून. एके दिवशी सहज पाहिलं तर तिची नजर शेजारच्या कागदावर आणि बोटं खाली आपली आपण चाललेली. तिला पत्ताच नव्हता. कालपर्यंत एकेक अक्षर हुडकत बसणारी पोरगी! मी स्वतः वर्षानुवर्षं तशीच टाइप करत आले होते, पण स्वतःच्या हातांचं कुणाला नवल वाटतं का? त्या दिवशी मात्र अंगावर काटा आला. डोळ्यांच्या मदतीशिवाय बोटांना वाट सापडते, आणि ती मी दाखवलेली असते, हे मला पुन्हा पुन्हा बघायचं होतं. असलं कारण कुणाला सांगायची सोय नव्हती.

वाकोल्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी सहा जुनी मशिनं मांडली आणि दारावर क्लासची पाटी लावली. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा गिरणीत विणकर होते. संपानंतर गिरणी बंद झाली ती उघडलीच नाही.

पाटी लागली त्या दिवशी ते म्हणाले, "माझी गिरण बंद पडली म्हणान मी घरात बसलंय. तुझी कंपनी चालू आसताना तू कित्याक घरात बसतंस?"

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून बोलायचे. क्लास सुरू झाला, मशिनं खडखडायला लागली की चप्पल घालून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसायचे. मलाही हट्ट कमी नव्हता. मीसुद्धा भिंतीलाच उत्तरं द्यायचे.

चाळीतला क्लास चालतो तो तोंडोतोंडी. पहिली बॅच सरकारी परीक्षेत पास झाली तर पुढची दारात उभी राहणार. नापास झाली तर दुसऱ्या दिवशी नळावर क्लासचं श्राद्ध. फंडाचे पैसे मशिनांत गेले होते आणि कंपनीत माझ्या खुर्चीवर दुसरी बसली होती. त्यामुळे रात्रंदिवस मला ती परीक्षाच दिसायची.

त्या बॅचमध्ये शेजारच्या चाळीतली एक बाई होती. माझ्याहून वयाने मोठी, नवरा बाबांच्याच गिरणीतला, तोही घरी बसलेला. तिला एका वकिलाच्या ऑफिसात जागा मिळत होती, फक्त सर्टिफिकेट आणायचं होतं. क्लासात ती मला "बाई" म्हणायची आणि बाहेर पडली की सरळ "ए, तू गं". मी सगळ्यांच्या हातांवर टॉवेल टाकून टाइप करायला लावायचे, म्हणजे अक्षरं दिसत नाहीत. टॉवेलखाली पहिली ओळ बिनचूक उतरली तेव्हा तिने टॉवेल उचलला आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिली. "हे माझेच ना गं?" तिने विचारलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

त्या काळी परीक्षेला मशीन ज्याचं त्याने न्यायचं, असा नियम होता. परीक्षेच्या सकाळी हातगाडीवाला दारात येऊन ओरडायला लागला तशी मी केस बांधत बाहेरच्या खोलीत आले आणि उंबऱ्यातच थबकले. सहाही मशिनांना झेंडूच्या माळा. अक्षरांच्या बटणांवर, कागदाच्या रुळावर, जिथे बोट पोचेल तिथे हळदकुंकू. मधोमध फोडलेला नारळ. बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, मशिनांपुढे डोळे मिटून हात जोडून उभे. गिरणीत दसऱ्याला ते मागाची पूजा अशीच करायचे. माझ्या सहा भंगार मशिनांपुढे माझा बाप मागापुढे उभा राहावा तसा उभा होता.

मग मशिनांवरून ओघळणारं नारळाचं पाणी दिसलं. लोखंडी मागाला त्याचं काही वाटत नाही. टाइपरायटरच्या आत मात्र काडीसारख्या बारीक दांड्या असतात, आणि कुंकवात नारळाचं गोड पाणी मिसळलं की त्याचा डिंक होतो. एरवी मी कडाडले असते. पण बाबांनी डोळे उघडले, मशिनांच्या पाया पडायला आलेल्या त्या शेजारच्या बाईकडे बघून ते हसले. मिळेल तेवढ्या वेळात मी पदराने मशिनं पुसून काढली.

परीक्षा संपून पोरी केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकाबाहेर आल्या तेव्हा सगळ्यांची बोटं लाल होती. पाचजणींचं निभावलं होतं. या बाईच्या मशीनची मात्र 'ई'ची दांडी वर जाऊन चिकटायची, ती दर वेळी हाताने खाली ओढावी लागायची. इंग्रजीत 'ई'वाचून पान हलत नाही. तिचा उतारा अर्ध्यावरच राहिला.

निकालात पाच पास, एक नापास. वकिलाकडची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

आता नळावर काय बोललं जाईल याची मी धास्ती घेतली होती. पण तिथे ती सगळ्यांना एवढंच सांगत होती, "क्लास झकास आहे, मीच घाबरले. हात थरथरले माझे." मला राहवलं नाही. मी तिच्या घरी गेले आणि खरं काय झालं ते सांगायला लागले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "कुंकू माझ्याच बोटांना लागलेलं ना?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती दिवसांनी हसताना बघितलं काकांना. गप बस आता. आणि फी पुढच्या महिन्यात देईन हां, परत बसायचंय मला."

एवढं मोठं मन कुठून आणलं असेल तिने? मी तिला दहा बोटं वापरायला शिकवली होती, आणि तिच्यापुढे मीच पहिलीतल्या पोरीसारखी उभी होते.

बाबांनी मात्र निकालाचा वेगळाच अर्थ लावला. आपण पूजा केली आणि बिचारी नापास झाली, आपला हातच वाईट, गिरणीसुद्धा अशीच गेली. हे ते भिंतीला सांगत होते, मी ऐकत होते, आणि खरं सांगावं तर दुखणार, न सांगावं तरी दुखणार.

पुढच्या परीक्षेच्या सकाळी ते अंधारातच बाहेर निघून गेले. हातगाडीवर मशिनं चढत होती, तेवढ्यात पाहते तर ती बाई त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यावरच्या बाकावरून घेऊन येत होती.

"काका, तुमच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय माझं मशीन हलणार नाही," ती म्हणाली. "नारळ तेवढा उंबऱ्यावर फोडा. पाणी दारात सांडलेलं चांगलं असतं."

तिने मशीनच्या वरच्या पत्र्यावर बोट ठेवून दाखवलं, तिथे बाबांनी एक बारीक टिळा लावला. उंबऱ्यावर नारळ फोडला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाकाकडे परत न जाता ते गाडीच्या मागे आले आणि मशिनांवर हात ठेवून माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"मशिनां हलतत," ते म्हणाले. "तिकडसून नीट धर गो."

मी धरली. शाळेपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंनी मशिनं धरून चाललो, आणि डोळे पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता.