तिच्या जेवणाची चव माह्या तोंडात

पहिलेच सांगून देते — अंगात येणं, लागीर, करणी, मी यातलं काहीच मानत नव्हती. आमच्या गल्लीत कोणाची म्हैस आटली की बाया लिंबू-मिरची बांधत. मी म्हणो, पहिले तिले ढेप चारा वं. मी चौथी शिकलेली. माह्या जाऊची सून मोबाईलवर टाईप करून राह्यली, मी बसून सांगून राह्यली. या वयात खोटं सांगून मले काय भेटणार...

मी वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरची. मंदिराच्या रस्त्यावर दोन खोल्या हायेत. आमी जैन. मालक गेले तवा पोरगी सात वर्षांची होती. तवापासून उडदाचे पापड करते आन् यात्रेकरूले इकते. लई वाईट दिवस काढले, ते सांगत नाही बसत. पण घरात कांदा-लसूण नाही, पाणी गाळूनच, दिवस मावळायच्या आत जेवण — हे कधी चुकू देल्लं नाही. पापड लाटाले शांता येते, गल्लीतलीच. तिच्याकडे मासोळी चालते. आपला डबा ती बाहेर ओट्यावर बसून खाते. मी कधी म्हटलं नाही तिले, तिनंच तसं ठरवलं.

पोरगी एकच, वैशाली. नर्सिंग शिकली आन् जपानले गेली. तथी म्हाताऱ्या लोकायच्या आश्रमात काम करते — त्यायले आंघोळ घालणं, चारणं, निजवणं. तिच्या गावाचं नाव मले अजून घेता येत नाही. जाताना पाया पडली तवा म्हणे, आई, तथीबी आपलं सोडणार नाही मी.

ती हिवाळ्यात गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेआठ झाले असन. पीठ कुटून झालं होतं. मीठ पाह्याले लाटीचा कण जिभेवर ठेवला. एवढ्या वर्षात माह्या जिभेनं मीठ चुकवलं नाही. त्या दिवशी मीठ लागलंच नाही... भलतंच लागलं. कोमट, खारट, धुरकट, आन् त्याच्या खाली एक वास — तळं आटलं म्हणजे गाळाले येते ना, तसा. मी थुंकली. चूळ भरली. दहा-पंधरा मिनिटानं आपोआप गेलं.

दुपारी तीनले पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी साडेआठले, पुन्हा तीनले. तोंडात काही नसतानी. असे आठ दिवस गेले. पापड कधी अळणी, कधी खारट. वाशिमच्या डाक्टरले जीभ दाखवली. त्यानं ताकदीच्या गोळ्या लिहून देल्ल्या.

शेवटी शांताले सांगतलं, असं असं लागते म्हणून. तिचं लाटणं थांबलं.

"काकू, तुमी माह्या डब्यातलं चोरून तं नाही खाल्लं?"

"काय बोलतं वं."

"नाही, हे सुकटीचं पाणी हाय. सुकट भिजू घातली की असंच लागते." मंग तिचंच हसू गेलं. "पण तुमाले कसं माहित..."

मले तरी कसं माहित असन? जल्मात कधी त्या वाटेनं गेली नाही मी.

त्या इतवारी वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता मी इचारलं, तुमच्या जेवणाचा टाईम कोणता. ती म्हणे, दुपारी बाराले आन् सांजच्याले साडेसहाले. आपल्या अथी तवा किती वाजते, म्हटलं. तिनं हिशेब करून सांगतलं — साडेआठ आन् तीन.

तेच दोन टाईम, माह्या जिभेचे. पण पोरीले काही बोलली नाही. फक्त इचारलं, जेवतं काय तू. ती खुशीत होती. भात असते, मुळा असते, सोयाबीनच्या पिठाचा रस्सा असते म्हणे. तिथली स्वयंपाकाची बाई लई मायेची, हिच्यासाठी मटण-मासोळी न टाकता वेगळा करते. आन् रस्सा वाटीत उरवला तर तिले वाईट वाटते, म्हणून ही शेवटच्या घोटापर्यंत पिते.

मी म्हटलं, त्या रश्शाचं पाणी कायचं असते, तेवढं इचारजो.

हे मी काहून म्हटलं... जीभ तुटून पडली असती तर बरं झालं असतं. चार दिवसानं तिचा फोन आला. आवाज बसलेला. तथी मासोळी लाकडासारखी कडक वाळवतात, सुपारीसारखी खरवडतात आन् त्याचं पाणी सगळ्यातच टाकतात. त्या लोकायच्या मनानं ती मासोळी नसतेच, नुसती चव असते. त्या बाईनं फसवलं नव्हतं. तिले समजलंच नव्हतं यात काय चुकलं. पोरगी रडली नाही, एवढंच म्हणे — पाच महिने खाल्लं मी, आई.

त्या दिवसापासून माह्या तोंडातला वास गेला. साडेआठले नुसता भात लागे, अळणी. कधी केळं. मंग तेबी कमी कमी होत गेलं. तीन वाजले की मी हातातलं काम ठेवून बसो... काहीच नाही. फोनवर ती म्हणे, जेवते आई, मस्त जेवते. मले माहित, पोट्टी उपाशी हाय. पण सांगू कोणाले? पासपोर्ट नाही, भाषा नाही, तिच्या आश्रमात फोन लावून बोलू काय? मंदिरात माताजी, आमच्या साध्वी, आल्या होत्या. इचारावं म्हणून दोन खेपा गेली. पायापाशी बसली, पाया पडली आन् तशीच घरी आली. इचारायचं काय, की माह्या पोरीनं मासोळीचं पाणी प्यावं काय?

मंग एक दिवस तिनंच सांगतलं. एका आजीले खाटेवरून उचलता उचलता डोळ्यापुढे अंधारी आली. आजीले धरलं, ही पडली. तिचं तोंड मोबाईलमधी पाह्यलं — गालाची हाडं वर आली होती. माह्या मागून शांता पाहून राह्यली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणे, "काकू, तुमी म्हटल्याबिगर ते पोरगी खात नसते. मेली तरी."

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला.

"वैशाली, तो रस्सा पी."

ती म्हणे, "मासोळीचा हाय तो, आई."

"माहित हाय. तुले समजायच्या आधी मी चाखला."

मंग सगळं सांगतलं तिले. साडेआठचं, तीनचं, शांता काय म्हणली ते. फोन आपोआप कट झाला का तिनं कट केला, ते आजवर समजलं नाही.

त्या दिवशी तीनले काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठलेबी नाही. आन् मंग तीन वाजता... आलं. पहिल्यापेक्षा दाट, गरम. चूळ भराले तांब्या भरून बाजूले होता. मी त्याले हात लावला नाही. बसून राह्यली आन् जे तोंडात आलं ते घोट घोट गिळलं. शांताच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, मी मात्र रडली नाही. पाप लागलं असन तर ते पोरीले का मले, हेबी मले कोणाले इचारता येत नाही.

तेच शेवटचं. त्याच्यानंतर एकदाबी आलं नाही. वरीस होऊन गेलं.

हे काय होतं, मले माहित नाही. डाक्टरले माहित नाही. वैशालीनं तो इषय पुन्हा काढला नाही, मीबी नाही. तुमी शिकलेले लोकं हा, कोणाले काही समजत असन तर सांगा. ते चालू होतं तवा वाटे, कधी बंद होते बाप्पा. आता ती रोज ताटाचा फोटो धाडते. वाटीत रस्सा असते, वर हिरवं काहीतरी कापून टाकलेलं. शांता म्हणते, पोरगी अंगानं भरली. मले मोबाईलमधी तेवढं दिसत नाही.

काल इचारलं, जेवली काय. जेवली म्हणे. फोन ठेवल्यावर मी जीभ टाळूले लावून लई वेळ बसून राह्यली. काहीच लागलं नाही.