ती चुप होऊन जाते

दोन प्रयोगशाळा एक झाल्या, त्यात माझ्या पॅथॉलॉजिस्ट काकांची प्रमुखाची खुर्ची गेली. मी संतापून निषेधाचं पत्रक काढायला निघाले, तर काका उभ्यानंच तोंडाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्या तपासत होते. पेशीबद्दल ते घरच्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलतात. "तंबाखूनं ती सारखी त्रासते बेटा. मग गाठ रोखणारं तिचं जनुक चुप होऊन जातं. मेलेलं नसतं. म्हणून लवकर बघायचं."

एकदा दाल बाजारातल्या हमालाला मी काकांकडे तपासायला आणलं. माझं 'तंबाखू म्हणजे मरण' हे पत्रक वाचून तो इतका घाबरलेला, की तोंडातला पांढरा डाग दाखवेना. काकांनी पत्रक चुरगाळून खिशात घातलं.

"ही पोरगी ओरडतेच. तू आ कर, भैया."

मला राग आला. पण त्यानं तोंड उघडल्यावर टॉर्च मीच धरला.