कालिंकेबाई आणि उलट्या दिशेची गाडी

आमच्या इमारतीत कुणी जिन्यावरून धपधप उतरायला लागलं की दुसऱ्या मजल्यावरचं दार बोटभर उघडतं आणि आतून आवाज येतो, "तिकीट?"

या कालिंकेबाई. वय शहात्तर. छत्तीस वर्षं त्यांनी बर्लिनच्या भुयारी गाड्यांत साध्या कपड्यांत फिरून तिकिटं तपासली. त्या निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज नाही. मी वरच्या मजल्यावर राहते आणि मला तो आवाज हुबेहूब काढता येतो. एकदा गाडीत काढला, तर दोन धिप्पाड तरुण पुढच्या स्टेशनावर गुपचूप उतरून गेले.

लोकांचे बहाणे त्यांना तोंडपाठ आहेत. "ताई, तिकीट कुत्र्यानं खाल्लं हो." यावर कालिंकेबाई कुत्र्याकडे बघायच्या आणि पावतीपुस्तक उघडून विचारायच्या, "यांचं पूर्ण नाव?" सोडलं मात्र कुणालाच नाही. शेजारणीला नाही, स्वतःच्या दाताच्या डॉक्टरलाही नाही. नंतर त्यानं दात जरा जोरातच ओढला म्हणे.

नवरा लवकर गेला. मुलगा डेटलेफ त्यांनी पाळ्यांच्या मधल्या वेळात वाढवला. बाविसाव्या वर्षी तो स्टुटगार्टला कामाला गेला आणि तिथलाच झाला. आता चोपन्न वर्षांचा आहे. बोलायलाही तिथल्यासारखाच लागलाय, म्हणजे प्रत्येक वस्तू लहान करून. गेल्या सप्टेंबरात तो मोटार घेऊन आला तो एक रंगीत माहितीपत्रक घेऊनच.

"आई, आमच्या घराजवळच आहे. वृद्धांसाठी. छोटीशी खोली, छोटीशी बाल्कनी, खाली छोटीशी बाग..."

"सगळंच एवढं छोटं, तर मी मावणार कुठे?"

"आई, गेल्या महिन्यात तू गॅसवर अंडी ठेवून विसरलीस."

"अंड्यांनी तक्रार केली का?"

मी तिथेच केक खात बसले होते. डेटलेफकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग, बरोबर बोलतोय ना मी?" मी तोंड भरलेलं असल्याचा फायदा घेतला.

कालिंकेबाईंनी कप खाली ठेवला. "उद्या दिवसभर तुला शहर दाखवते. बस, भुयारी गाडी, सगळं. टॅक्सी नाही, तुझी मोटार नाही. कुठे चुकले, काही विसरले, तर तुझ्या छोट्या खोलीत येते. नाही चुकले, तर हा कागद परत घेऊन जायचा. ही पोरगी साक्षीदार."

"कबूल," काका म्हणाले. लगेच म्हणाले. बाईंना ते लागलं असावं, कारण त्यांनी मला केकचा दुसरा तुकडा विचारलाच नाही.

सकाळी त्या निळा कोट घालून तयार. पिशवीत लोणी लावलेला पाव, उकडलेली अंडी (सहाच्या सहा, मला मोजून दाखवली) आणि काकडीचं लोणचं. स्टेशनावर त्यांनी यंत्रातून काकांसाठी दिवसभराचं तिकीट काढलं. बाईंकडे ज्येष्ठांचा वर्षाचा पास, माझ्याकडे शाळेचा. गाडी आली, आम्ही चढलो. बाई आपल्या जुन्या जागी, दाराशेजारी, पाठ टेकून उभ्या राहिल्या. तिथून सगळा डबा दिसतो.

दोन स्टेशनं गेली. टोपी घातलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "तिकिटं दाखवा, मंडळी."

"शब्दाचा शेवट ओढतोय," बाई माझ्या कानात कुजबुजल्या. "मंडळी म्हणायचंच नसतं. त्यांना वाटतं, गप्पा मारायला आलाय."

त्यानं बाईंचा पास बघितला, माझा बघितला, काकांचं तिकीट उलटसुलट केलं. "यावर शिक्का नाही."

कालिंकेबाईंचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. फलाटावरच्या लाल डबीत तिकीट घालून शिक्का मारला नाही, तर ते तिकीट म्हणजे नुसता कागद. शेंबडं पोरही जाणतं हे. पण पासवाल्याला शिक्का लागत नाही, आणि बाई सोळा वर्षं पासावरच फिरतायत. हात डबीकडे गेलाच नाही.

तरुण भला होता. "आजी, होतं असं. पुढच्या स्टेशनावर उतरून मारून घ्या."

"लिहा," कालिंकेबाई म्हणाल्या.

"अहो, जाऊ द्या ना."

"आई, तो सोडतोय," काका म्हणाले.

"तो सोडेल. मी छत्तीस वर्षं कुणाला सोडलं नाही. लिहा. आडनाव कालिंके, नाव डेटलेफ. माझाच मुलगा आहे."

साठ युरो दंडाची पावती घेऊन डेटलेफकाका अलेक्झांडरप्लात्झला उतरले. पैज सकाळी साडेनऊलाच संपली होती. बाईंनी तिकिटावर शिक्का मारला, दोनदा तपासला.

तरी शंभर नंबरच्या बसपाशी आम्ही गेलोच. ही दुमजली बस शहराच्या मधोमध जाते. बाई दोन्ही हातांनी दांडा धरून वरच्या मजल्यावर चढल्या. काकांनी हात पुढे केला, त्यांनी बघितला नाही. सगळ्यात पुढच्या काचेपाशी दोन पर्यटक बसले होते. एरवी अशा वेळी कालिंकेबाई मागे उभ्या राहून नुसतं "तिकीट?" म्हणतात, आणि ते खिसे चाचपत उठले की बसून घेतात. त्या दिवशी त्या मुकाट तिसऱ्या रांगेत बसल्या.

पण शहर सुरू झालं तशा त्याही सुरू झाल्या.

"हा पूल. इथे एकानं पावती टाळायला मला लग्नाची मागणी घातली होती."

"मग?" मी विचारलं.

"पावती दिली. पत्ता मात्र लिहून ठेवला." थोड्या वेळानं उंच खांबावरचा सोनेरी पंखवाल्या बाईचा पुतळा आला. "आणि ही. डेटलेफ, आठवतं? हिला बघून तू विचारायचास, आई, हिच्याकडे तिकीट आहे का?"

काका काचेबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणायचीस, ती कुठे जात नाही, तिला कशाला हवं."

दुपारी बागेत पाव खाताना ते उभे राहिले. "परत मी नेतो. तू आता काही बघू नकोस. थकलीस."

वेस्टक्रॉइट्सला आम्ही रिंगच्या फलाटावर आलो. रिंग म्हणजे शहराला गोल वेढा घालणारी लोकल. एक गाडी उजवीकडून फिरते, एक डावीकडून. आमच्या घरी उजवीकडची जाते, वीस मिनिटांत. काका डावीकडच्या गाडीत शिरले. मी तोंड उघडलं, तर कालिंकेबाईंनी एक सोललेलं अंडं माझ्या हातात ठेवलं.

नॉयक्योल्न आलं तेव्हा काका नकाशा शोधायला लागले. "आई, आपण उलटे चाललोय?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"चढतानाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नेत होतास." त्यांनी मांडीवरचे कण झटकले. "तू गेलास तेव्हा हे वर्तुळ बर्लिनच्या भिंतीपायी तुटलेलंच होतं, पोरा. चुकीच्या गाडीत बसलं की माणूस भलतीकडेच निघायचा. नंतर जोडलं. आता कुठूनही बस, घरी पोचतोस. फक्त उशीर होतो. म्हटलं, होऊ दे उशीर. एवढा वेळ शेजारी तू कधी बसलायस?"

पूल गेला, नदी गेली, ओस्टक्रॉइट्सची गर्दी चढली नि उतरली.

"म्हणजे मीही चुकलो," काका शेवटी म्हणाले. "बरोबरी."

"बरोबरी कसली? पैज माझ्या चुकण्याची होती. मी चुकले. हरले."

"आई, तो सोडत होता तरी तू पावती लिहून घेतलीस. तुला कळत नाही असं मी कुणाला सांगू?" त्यांनी कोटाच्या खिशातून माहितीपत्रक काढलं, चार घड्या केल्या आणि डब्यातल्या कचऱ्याच्या पेटीत घातलं. "महिन्यातून एकदा मी येतो. मोटार न घेता. आणि गॅसला वाजणारं घड्याळ बसवायचं. छोटंसं."

"मोठं बसव," कालिंकेबाई म्हणाल्या. "छोटं ऐकू येत नाही."

गेसुंडब्रुनेनला दार उघडलं. काका उठले. बाई बसूनच राहिल्या.

"आलं ना आपलं?" काकांनी माझ्याकडे बघितलं.

"आलंय," त्या म्हणाल्या. "तिकीट दिवसभराचं आहे. शिक्का मारलेला आहे. बस खाली."

दार बंद झालं. मीही बसले. अजून दोन अंडी उरली होती.