शेंदराखालची माय

जाळं सांधताना माझी बायको ते पायाच्या अंगठ्यात ताणून धरायची. त्या शेवटच्या संध्याकाळीही ओसरीत तशीच बसली होती. मी गाठी मारत होतो.

"अजी, तीच असन का ती?"

"मले काय ठावं? जाळं नीट धर."

ती आमच्या मायबद्दल विचारत होती. माय म्हणजे तळ्याच्या पाळीवरची देवी. आम्ही ढिवर लोक तिला तेल-शेंदूर लावल्याबिगर पाण्यात उतरत नाही. लावायचं काम माझ्या आईनंतर बायकोकडं आलं. पिढ्यांचा शेंदूर, थरावर थर. नाक नाही, तोंड नाही, चांदीचे डोळे तेवढे. बायको तिच्याशी भांडायचीसुद्धा. "मासोळ्या देत नाई अन् शेंदूर बराबर मांगते!"

एका उन्हाळ्यात माय चोरीला गेली. पुढं कधीतरी चंद्रपूरहून एक साहेब फोटो घेऊन आले. परदेशात एका दुकानात मूर्ती पकडली होती. चोरीची मूर्ती परत द्यायची असा देशादेशांत करार आहे म्हणे. पण ती इथलीच, असं कोणी ओळखून सांगायला पाहिजे.

फोटोत घासूनपुसून काढलेली काळ्या दगडाची बाई. बारीक नाक, गळ्यात हार.

बायको हसली. "ही कोणाची सून जी? आमच्या मायले नाकच नोव्हतं."

"बाई, शेंदराच्या आत हीच असेल."

"आतलं मी कसं सांगू?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "उभा जन्म यायच्यासंग काढला, यायच्या आतलं तरी दिसलं का मले?"

सगळे हसले. साहेब नाही हसले. "ओळखली असं लिहून नाही दिलं तर ती तिकडंच राहील. विचार करून चौकीत सांगा."

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हो म्हणावं तर कोणाची तरी देवी आपल्या पाळीवर. नाही म्हणावं तर आपलीच परक्या मुलखात. त्यात गावाचे टोमणे. "रोज शेंदूर लावणारीलेच ओळखू येत नाई?"

जाळं सांधलं त्याच रात्री बायको झोपेतच गेली. सवाष्ण गेली म्हणून गावातली प्रत्येक बाई आली, प्रत्येकीनं हळद-कुंकू माखलं. शेवटी मीही लावलं. तिरडी उचलताना पाहिलं, तर चेहराच दिसेना. नाक कुठं, ओठ कुठं. ही कोण, असं मनात आलं. तुम्हीच सांगा, काय म्हणावं याला? होती तर तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत गेलो.

"लिहा. ती आमचीच माय."

"ओळखली का भाऊ?"

"नाई."

शिपायानं पेन खाली ठेवला. "मंग काय लिहू?"

"शेंदराखाली होती, कोणी पाह्यली नाई, असंच लिहा. पण धाडा म्हणा तिले घरी."

त्यानं लिहिलं. सही करताना माझ्या नखातलं कुंकू कागदाला लागलं.